बायकोचं चित्र काढायला मनाई

आमच्या एल्क फोर्डमध्ये हार्लन टटलला चित्रकार कोणी म्हणत नसे. 'कॅलेंडरवाला' म्हणत. बाहेरगावचा कोणी पत्ता विचारू लागला की आम्ही नदीवरच्या टेकडीकडे बोट दाखवायचो आणि सांगायचो, "ते मोठ्या काचेचं घर. पण आजी घरात नसेल, आज तिचा बाजाराचा दिवस."

आजी म्हणजे हार्लनची बायको, लिओना. तिला नातवंडं नव्हती. मुलंही नव्हती. तरी मिनेसोटापासून टेक्ससपर्यंत ज्या ज्या स्वयंपाकघरात 'निळा बगळा' छाप पिठाचं पोतं जायचं, तिथे तिथे भिंतीवर लिओना टटल आजी होऊन बसलेली असायची. पांढरा अंबाडा, गुबगुबीत गाल, मान जराशी कललेली, ओठ मिटून हसू, हातात नुकताच भट्टीतून काढलेला पाव. खाली नाव, प्रुडन्स आजी.

हे सगळं मला बऱ्यापैकी जवळून ठाऊक आहे, कारण हार्लनच्या चित्रांच्या चौकटी मी करत असे. माझं फर्निचरचं दुकान आहे. पाळणे, खाटा, चौकटी आणि शवपेट्या मी एकाच लाकडातून करतो, आणि गिऱ्हाइकं सहसा त्याच क्रमानं येतात.

हार्लन इथलाच. बापाची गावाबाहेर शेती होती. मांसाला धुरी द्यायच्या खोपटाच्या दारावर कोळशानं त्यानं पहिल्यांदा चित्र काढलं ते एका डुकराचं, आणि बाप म्हणाला होता, "ओळखू येतंय." आमच्याकडे याहून मोठी शाबासकी नाही. त्या एका वाक्यावर पोरगा शिकागोला गेला, चार वर्षं चित्रकला शिकला आणि एक काळी रुंद टोपी घालून परत आला. त्याला माणसांचे चेहरे रंगवायचे होते. फळं नकोत, डोंगर नकोत, फक्त चेहरे. औषधाच्या दुकानावर त्यानं खोली घेतली आणि पाटी लावली.

अडचण एवढीच होती की आमच्या लोकांना बसता येत नाही. दिवसाढवळ्या, आजारी नसताना, दोन तास खुर्चीत नुसतं बसायचं ही कल्पनाच इथे कोणाला पेलवेना. बँकेचे अध्यक्ष मि. ग्रिमस्टॅड यांनी आपला रविवारचा सूट, घड्याळाची साखळी आणि बूट हार्लनकडे पाठवून दिले आणि चिठ्ठी लिहिली की एवढं आधी रंगवून घ्या, तोंड घेऊन मी शुक्रवारी पंधरा मिनिटं येतो. मग तीच पद्धत पडली. सूट आधी, तोंड मागून. हातांसाठी तर कोणी येईचना, म्हणून शेजारच्या न्हाव्याला, पीटर लुंडला, वर बोलावून त्याचे हात रंगवले जात. आमच्या गावात बँकेत, कोर्टात आणि शाळेत मिळून सहा प्रतिष्ठित गृहस्थांच्या तसबिरी आहेत. सहाही जणांचे हात न्हाव्याचे आहेत.

लिओना तेव्हा शाळेत शिकवायची. शाळेतली तसबीर लागली त्या दिवशी ती बराच वेळ बघत उभी राहिली आणि हार्लनला म्हणाली, "साहेबांचे हात कात्री शोधताहेत."

हार्लननं तिच्याशी लग्न केलं. दुसरा काही इलाज नव्हता. गावात चित्र बघता येणारी ती एकटीच होती.

पुढे फोटोवाला आला. त्याला तोंड दोन मिनिटंच लागायचं, त्यामुळे सगळे प्रतिष्ठित लोक तिकडे वळले. हार्लन शेतकऱ्यांच्या मासिकांना चित्रं काढून देऊ लागला. मुखपृष्ठं, गोष्टींची चित्रं, बियाण्यांच्या जाहिराती. त्यासाठी आम्ही शेजारीपाजारीच उभे राहायचो. मी तीनदा पोस्टमन झालो आणि एकदा चोर. चोराच्या कामाला माझीच निवड का झाली, हे मी अजून विचारलेलं नाही.

आणि मग १९१९ साली पिठाची कंपनी आली. त्यांना कॅलेंडरसाठी एक आजी हवी होती. गावात खऱ्या आज्या हव्या तेवढ्या होत्या, पण एकही बसायला तयार नव्हती. त्यातल्या निम्म्या लोणच्यात गुंतलेल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्यांचं म्हणणं होतं की भिंतीवर लटकायचं ते मेल्यावर. शेवटी हार्लननं एकतीस वर्षांच्या लिओनाच्या केसांना पीठ फासलं, गालांत कापसाचे बोळे कोंबले, आणि तिच्यात पासष्ट वर्षांची बाई रंगवली. कंपनीला चित्र इतकं आवडलं की त्यांनी कायमचा करार केला. कॅलेंडर निघत राहील तोवर दरसाल एक आजी. राहायला टेकडीवरचं घर, उत्तरेकडे मोठी काच असलेलं. चित्रकाराला याहून काय हवं?

करारात एक कलम होतं. कॅलेंडर चालू असेतो टटल यांनी पांढऱ्या केसांच्या कोणाही वृद्ध स्त्रीचं चित्र काढू नये, कंपनीखेरीज दुसऱ्यासाठीही नाही आणि स्वतःसाठीही नाही. काढलंच, आणि बघणाऱ्या साध्या माणसाला ती प्रुडन्स आजी वाटली, तर ते चित्र कंपनीचं. हार्लन तेव्हा चौतीस वर्षांचा होता. तो कंपनीच्या वकिलाला म्हणाला, "म्हाताऱ्या बायका घेऊन मी काय करणार?" आणि सही करून मोकळा झाला. त्या वयात कोणीही केली असती. आपली बायको एक दिवस म्हातारी होईल, हे चौतिसाव्या वर्षी कोणाच्या डोक्यात येतं?

कलमाचं हे मला फार उशिरा कळलं. गावात कोणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे माणूस आपली अडचण सांगत नाही. पाय मोडला तरी "जरा बसलोय" म्हणतो.

तर चौतीस वर्षं हार्लन ती आजी काढत राहिला. दर वर्षी नवं चित्र आणि तेच तोंड. कधी आजीच्या शेजारी मांजर, कधी अंगणात बर्फ, कधी टेबलाशी नातवंडं (ती माझी पोरं, आणि पुढे त्यांची पोरं). सुरुवातीला लिओना समोर बसायची. पुढे त्याची गरज उरली नाही. हार्लनचा हात ते तोंड आपण होऊन काढायचा. एकदा मी चौकटीचं माप घ्यायला गेलो होतो, तर तो खिडकीबाहेर बघत माझ्याशी चाऱ्याच्या भावाबद्दल बोलत होता आणि इकडे हात आजीचं हसू पुरं करत होता.

"न बघता?" मी विचारलं.

"बघितलं तर बिघडतं," तो म्हणाला.

दुसऱ्या बाजूनं लिओनाचे हाल वेगळेच होते. लांबलांबून लोक आजीला बघायला यायचे. ती चाळिशीची असताना दार उघडायची, तर पाहुणे तिच्या खांद्यावरून आत बघत म्हणायचे, "आई आहेत का घरात?" साठीची झाली आणि केस आपोआप पांढरे झाले, तेव्हा वाटलं आता तरी जमेल. पण गाल बसलेले, नाक धारदार, मनगटं काडीसारखी. पाहुणे टोपी हातात घेऊन चुळबुळत उभे राहायचे आणि जाताना म्हणायचे, "प्रकृती सांभाळा, आजी." शिवाय तिला पाव भाजता येत नसे. कधीच आला नाही. हान्सनच्या बेकरीच्या मागच्या दारानं तो कागदात गुंडाळून टेकडीवर जायचा. हे सबंध गावाला ठाऊक होतं आणि कोणी कधी बोललं नाही. तसंच, ती कॅलेंडरातल्यासारखी दिसत नाही हेही कोणी बोललं नाही. तिच्यासमोर तर नाहीच. आमच्याकडे तेवढी रीत आहे.

त्रेपन्न सालच्या हिवाळ्यात हार्लनचा उजवा डोळा गेला. डावाही मंदावत चालला होता. रॉचेस्टरच्या डॉक्टरनं सांगितलं की डोळ्यामागचा पडदा झिजलाय, त्याला चष्मा नाही आणि शस्त्रक्रियाही नाही, फार तर एक वर्ष. हार्लननं घरी येऊन त्या वर्षाची आजी आठ दिवसांत उरकली. मग एक नवा कॅनव्हास ताणला आणि लिओनाला म्हणाला, "बैस."

"आजीचं झालं ना?"

"आजीचं झालं. तू बैस."

सबंध हिवाळा ती बसली. मार्चमध्ये चित्र माझ्या दुकानात चौकटीसाठी आलं.

मी आयुष्यात बरीच चित्रं चौकटीत घातली आहेत, त्यामुळे मी सहसा कडाच बघतो. हे मात्र मधोमध बघितलं. स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर काही नाही. लिओना बसलेली. हाताची बोटं सांध्यांशी वाकलेली, एकावर एक ठेवलेली, आणि ते हात तिचे होते, न्हाव्याचे नव्हते. मान ताठ. हसू नाही. नजर अशी, की समोरचा माणूस आता काहीतरी मूर्खासारखं बोलणार आहे आणि आपण तो बोलेपर्यंत थांबू, मग बघू. चाळीस वर्षं एका पुरुषाबरोबर काढलेल्या बाईची नजर. हार्लननं ज्या चेहऱ्यासाठी शिकागो गाठलं होतं, तो चेहरा त्याला अडुसष्टाव्या वर्षी सापडला होता.

"ओळखू येतंय," मी म्हणालो.

हार्लननं टोपी दोनदा काढून घातली.

मी अक्रोडाची चौकट केली. आणि मग माझ्या हातून जे झालं ते सांगून टाकतो. सरस वाळेपर्यंत मी ते चित्र दुकानाच्या पुढच्या खिडकीत ठेवलं. अभिमानानं ठेवलं, दुसरं काय. हार्लननं ठेवू नको म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि ते त्याच्यानं झालं नसतं. मंगळवारी निळ्या बगळ्याचा फिरता विक्रेता पलीकडच्या किराणा दुकानात आला होता. तो रस्ता ओलांडून आला, खिडकीसमोर उभा राहिला, आणि वहीत काहीतरी लिहून गेला. मला वाटलं, चौकटीच्या लाकडाची जात लिहून घेतोय.

उन्हाळाभर टेकडीवर कंपनीची पत्रं येत राहिली. ऑक्टोबरात, चर्चच्या जेवणाच्या शनिवारी, कंपनीचे वकील आले. मि. ऑर्डवे. तरुण, नीटनेटके, हात मिळवताना किंचित वाकणारे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. वाईट असता तर सगळं सोपं झालं असतं. त्यांनी हार्लनला सांगितलं की कोर्टकचेरीची कंपनीला हौस नाही. कलम साधं आहे. बघणाऱ्या साध्या माणसाला ती आजी वाटते की नाही, एवढंच बघायचं. आज सगळं गाव चर्चच्या तळघरात जेवायला जमणार आहे, तिथे चित्र ठेवू, मी दहाजणांना विचारतो. नाही म्हणाले तर चित्र तुमचं, आणि मी स्वतः तसं लिहून देतो. फक्त कशासाठी विचारतोय ते तुम्हीही सांगायचं नाही, मीही सांगणार नाही, नाहीतर ते साक्षीदार पढवल्यासारखं होईल.

हार्लन लगेच हो म्हणाला. त्याला खात्री होती. डोळे असलेल्या कोणालाही दिसेल की ही ती नाही. चौतीस वर्षं जी बाई आपल्या बाजाराला येते, ती तिच्या शेजाऱ्यांना ओळखू येणार नाही का? त्यानं चित्र स्वतः उचलून तळघरात आणलं आणि पियानोला टेकून खुर्चीवर ठेवलं.

आम्हाला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. आम्हाला दिसलं ते एवढंच, की कंपनीचा मोठा माणूस आलाय, हार्लनचं चित्र मांडलंय, आणि हार्लनला आता नीट दिसत नाही हे गावभर झालेलं आहे. आमच्या टेबलावर तेवढ्यात कुजबूज झाली. माझी बायको गुड्रुन म्हणाली, "म्हातारा अजून काढू शकतो का ते तपासायला आलाय तो. काढू शकत नाही असं ठरलं तर घर जाईल त्यांचं. नीट बोला सगळे."

आम्ही नीट बोलायचं ठरवलं.

मि. ऑर्डवे आधी जेवले. बटाटे आणि मांसाचे गोळे दोनदा, बीटचं लोणचं, सफरचंदाची पाई. मग रुमालानं ओठ टिपून ते वही घेऊन माझ्याकडे आले. नेमकी त्याच वेळी लिओना कॉफीची मोठी किटली घेऊन आमच्या टेबलाशी पोचली. त्या दिवशी कॉफीची पाळी तिची होती.

"चौकट तुम्ही केलीत असं कळलं," मि. ऑर्डवे म्हणाले. "मला एकच सांगा. ही कॅलेंडरातली प्रुडन्स आजी वाटते का?"

मी चित्राकडे बघितलं. मग लिओनाकडे बघितलं. ती माझ्या कपात कॉफी ओतत होती आणि कपाकडेच बघत होती. आता तुम्ही सांगा. एक पासष्ट वर्षांची बाई तुमच्या कोपराशी उभी आहे. तिला सगळा देश गुबगुबीत म्हणून ओळखतो. आणि तुम्ही तिच्यादेखत म्हणणार, छे, ही कुठली ती, ती किती छान होती?

"वाटते का म्हणजे?" मी म्हणालो. "तीच की."

कॉफी थोडी बशीत सांडली. लिओनाच्या हातून कॉफी सांडलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. म्हटलं, किटली जड आहे.

"अंबाडा तर अगदी तसाच," गुड्रुननं जोर लावला. "आणि ते, काय म्हणतात, तो प्रेमळपणा."

प्रेमळपणा त्या चित्रात शोधूनही सापडला नसता. मि. ऑर्डवेंनी लिहून घेतलं. पुढे पास्टर ऑस्मुंड. त्यांनी आधी चष्मा पुसला, म्हणजे सत्य बोलणार असं वाटलं, आणि म्हणाले, "आमची प्रुडन्स. प्रत्येक घरातली." न्हावी पीटर लुंड म्हणाला, "हिला मी झोपेतही ओळखीन, मि. टटलांचा हात जरासुद्धा हलला नाहीये." हान्सन बेकरीवाला सगळ्यांवर कडी करत म्हणाला, "पावाचा वास येतोय बघा." चित्रात पाव नव्हता.

हार्लन कोटांच्या खुंट्यांपाशी उभा होता. दर उत्तरानंतर तो एक पाऊल मागे सरत होता आणि मागे जागा नव्हती. मी त्याला हात करून खूण केली, काळजी करू नको अशी.

दहावा होता अँटन ब्रेक्के. अविवाहित शेतकरी, पंचाहत्तरीचा, तोंडाचा फटकळ. पास्टरच्या प्रवचनाला तो तोंडावर 'लांबलं' म्हणतो. तो खुर्ची सरकवून उठला, चित्रापाशी गेला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि बराच वेळ बघत राहिला. कोटांपाशी हार्लन ताठ झाला.

"नाही हो," अँटन म्हणाला. "ही कसली ती. ही तर..."

"कॉफी, अँटन?" लिओना त्याच्या मागेच होती. पाळी होती तिची, ती काय करणार.

अँटन वळला. ती एवढ्या जवळ उभी असेल असं त्याला वाटलं नव्हतं. लाल झाला तो. त्या माणसाच्या मानेवर रंग चढलेला मी प्रथमच पाहिला. त्यानं कप पुढे केला आणि खाली बघत म्हणाला, "ही तर... तीच. अंधार आहे इथे जरा."

मि. ऑर्डवेंनी वही मिटली. मग ते हार्लनपाशी गेले, त्याच्या दंडाला हात लावून हळू काहीतरी बोलले आणि किंचित वाकले. आम्ही सगळे टेबलांवरून बघत होतो. म्हातारा पास झाला, असं आम्हाला वाटलं. गुड्रुन तर मला म्हणाली, "बघ, कसा गप्प झालाय तो. आनंदानं होतं असं."

सोमवारी मी टेकडीवर गेलो. चित्राची चौकट काढून परत न्यावी असा निरोप होता, आणि कंपनी चौकटी घेत नाही एवढंच त्यात लिहिलं होतं. दार लिओनानं उघडलं. मी विचारलं, कसली कंपनी, कसली चौकट? तेव्हा तिनं मला टेबलाशी बसवलं आणि ते कलम सांगितलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. आवाज न चढवता, एखादी पाककृती सांगावी तसं.

मी खुर्ची मागे सारली. मी म्हणालो, "लिओना, मी आत्ता जातो. सगळ्यांना घेऊन येतो. लिहून देतो, की आम्ही तुझ्या भिडेनं बोललो."

"म्हणजे शनिवारी खोटं बोललात असं लिहून देणार?"

"देऊ."

"पास्टर देतील? चर्चच्या तळघरात खोटं बोललो म्हणून? आणि गुड्रुन? तिला तू सांग आणि मला कळव काय म्हणाली ते."

गुड्रुन काय म्हणेल ते मला ठाऊक होतं.

"तुमचा राग नाही," ती म्हणाली. "तुम्ही दहाजण होतात आणि मी एक किटली घेऊन फिरत होते. मीच घरी बसले असते तर झालं असतं. पण कॉफीची पाळी माझी होती."

पाळी चुकवायची हे तिलाही सुचलं नव्हतं. आमच्यात कोणालाच सुचलं नसतं.

यानंतर पंधरा दिवसांनी मी पुन्हा वर गेलो, तेव्हा चित्र अजून घरातच होतं. कंपनीच्या चित्रविभागाच्या प्रमुखांचं पत्र आलं होतं. त्यांनी लिहिलं होतं की चित्र ताब्यात घेण्यास हरकत नाही, मात्र सध्याच्या स्थितीत ते आजीसारखं दिसत नाही. तरी टटल यांनी गाल भरावेत, बोटं सरळ करावीत, टेबलावर पाव ठेवावा आणि नेहमीचं हसू द्यावं. पुढच्या सालच्या कॅलेंडरसाठी महिनाअखेरपर्यंत पाठवावं. नाहीतर करार मोडला असं समजू, आणि घर रिकामं करण्याबाबत वेगळं लिहू.

"आजीसारखं दिसत नाही?" मी पत्र दोनदा वाचलं. "मग तळघरात आम्ही..."

"ते कायद्यापुरतं वाटलं," हार्लन म्हणाला. "कॅलेंडरापुरतं नाही वाटत."

तो ईझेलसमोर बसला होता, नाक जवळजवळ कॅनव्हासला लावून. पाव आधीच टेबलावर येऊन बसला होता. बोटं सरळ झाली होती. सरळ केलेली ती बोटं कोणाचीही असू शकली असती. गालांवर गुलाबी रंगाचा हात मारलेला होता. राहिलं होतं फक्त तोंड.

"दुसरं नाही काढता येणार?" मी विचारलं. "हे त्यांना जाऊ दे. घरात ठेवायला तिचं एक नवं."

हार्लननं डोळे माझ्याकडे वळवले. ते माझ्या कानाच्या थोडं बाजूला स्थिरावले. "तू आत्ता कुठली टोपी घातली आहेस?" त्यानं विचारलं.

मी टोपी घातली नव्हती.

"मी हे हातानं आठवून करतोय," तो म्हणाला. "गाल, पाव, सगळं. ते दिसायची गरज पडत नाही. नवं करायला दिसावं लागतं."

लिओना खिडकीशी खुर्चीत बसलेली होती. बसायची काही गरज नव्हती, पण बसली होती. म्हणाली, "माझ्यासमोर तरी कर. पाठीमागे नको."

"मग हस जरा," हार्लन म्हणाला. "नेहमीचं."

ती मान कलवून हसायला गेली. जमेना. ओठ मिटायचे, मान कलायची, पण दोन्ही एकदम व्हायचं नाही. एका बाजूनं दात दुखत असल्यासारखं दिसायचं. "विसरले बाई," ती म्हणाली. "किती वर्षं झाली. ते काढतो हा आणि दिसतं माझ्या तोंडावर. मला कुठे येतंय."

"एमिल, तिला दाखव," हार्लन मला म्हणाला. "भिंतीवर आहे बघ यंदाचं."

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिच्यासमोर धरलं. तिला त्यावरून उमजेना. म्हणाली, "तू करून दाखव." आता मी एकाहत्तर वर्षांचा, टक्कल पडलेला, वरचे दात घरी विसरून आलेला माणूस. पण त्या शनिवारचं माझ्या मनावर होतंच, तिनं त्या वेळी मला टेकडीवरून उडी मार म्हटलं असतं तरी मारली असती. मी कॅलेंडर छातीशी धरलं, मान कलवली, ओठ मिटले आणि प्रुडन्स आजीसारखा हसलो.

लिओनानं माझ्याकडे एक क्षण पाहिलं. मग तिचे खांदे हलू लागले. मग ती हसली ती तोंड उघडून, मागे रेलून, वाकड्या बोटांनी खुर्चीचा हात धरून. डोळ्यांतून पाणी आलं, अंबाडा सुटला, आणि तेवढ्यानंही थांबेना. मलाही आवरेना. आम्ही दोन म्हातारी माणसं त्या खोलीत एकमेकांकडे बोट दाखवत हसत होतो. एवढ्या वर्षांत मी तिला असं पाहिलं नव्हतं. भिंतीवरच्या कुठल्याही सालात ती अशी नव्हती.

मी हार्लनकडे वळून म्हणालो, "अरे, हे काढ. एवढं दिसतंय ना तुला? हे काढ."

त्याला दिसत होतं. डावा डोळा बारीक करून तो पुढे वाकून बघत होता. जितकं उरलं होतं तितक्या डोळ्यानं तो फक्त तिच्याकडे बघत होता. हातातला ब्रश त्यानं मांडीवर आडवा ठेवला होता.

"नको," तो म्हणाला. "हे काढलं तर त्यांचं होईल."

आणि तिचं हसू पुरतं थांबून, तिनं डोळे पुसून, केस परत बांधून होईपर्यंत तो तसाच बसून राहिला. मग त्यानं खिडकीबाहेर तोंड वळवलं, ब्रश उचलला, आणि न बघता मिटलेले ओठ काढायला घेतले.